बाई बोलली झक्कास, पण बोलली काय? कन्व्हेन्शनचं भाषण ऐकायची माझी पद्धत

अमेरिकेत दर चार वर्षांनी दोन्ही पार्ट्यांची कन्व्हेन्शन्स, म्हणजे उमेदवारांवर शिक्कामोर्तब करणारी मोठी अधिवेशनं होतात, आणि त्यात एखादी बाई मुख्य भाषणाला उभी राहिली की आपल्या बायकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर अर्ध्या तासात दोन तट पडतात. एकीकडून "काय बोलली गं, अंगावर काटा आला", दुसरीकडून "आवाज किती चिरका तिचा, आणि तो सूट बघितलास का". ती नेमकं बोलली काय हे मात्र कुणीच सांगत नाही. मी ओहायोत राहते, इथे मतदार नोंदणी करताना पार्टी लिहावी लागत नाही, त्यामुळे मी कुणाचीच नाही आणि दोन्हीकडचे फोन मला येतात. बाई उभी आहे म्हणून मत द्यायचं का, हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं, भाषण कसं ऐकायचं, मग काय करायचं आणि टीका करायची तर कशावर करायची.

उदाहरण म्हणून मी सेरा पेलिनचं २००८ चं भाषण घेतलंय, तेव्हा ती रिपब्लिकन पार्टीकडून उपाध्यक्षपदाला उभी होती. जुनं आहे, पण शिकायला त्याच्यासारखं दुसरं नाही, कारण ते बोलण्याच्या दृष्टीने खरंच उत्तम होतं आणि मी तरीही त्यावर नाराज झाले होते, आणि ती नाराजी का हे नीट मांडता येतं. शेवटी तीच पट्टी डेमोक्रॅट कमला हॅरिसच्या भाषणालाही लावून दाखवते, म्हणजे "तू डेमोक्रॅट आहेस म्हणून" असं कुणी म्हणायला नको.

आधी रात्रीचं

भाषण लाइव्ह बघा, मजा घ्या, टाळ्या वाजवा, रडू आलं तर रडा. फक्त त्या रात्री मत बनवू नका आणि ग्रुपवर काही टाकू नका. कन्व्हेन्शनचं भाषण म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे, समोरची पार्टी सगळ्यात चांगली साडी नेसून बसलेली असते आणि अडचणीचं कुणी काही विचारत नाही. हॉलमधली माणसं त्यांचीच, हातातले बोर्ड बऱ्याचदा पार्टीनेच वाटलेले, शब्द भाषण लिहिणाऱ्यांनी घासूनपुसून दिलेले आणि समोर काचेवर टेलिप्रॉम्प्टर.

पेलिनबाईंचंच बघा. अलास्काची गव्हर्नर होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, देशात फारसं कुणी ओळखत नव्हतं. २९ ऑगस्ट २००८ ला रिपब्लिकनांचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार जॉन मॅकेनने आमच्याच ओहायोत, डेटनला, तिचं नाव जाहीर केलं आणि ३ सप्टेंबरला सेंट पॉलला तिचं भाषण. तीन कोटी सत्तर लाखांहून जास्त लोकांनी टीव्हीवर बघितलं. मूळ मसुदा बुशसाठी भाषणं लिहिलेल्या मॅथ्यू स्कलीचा होता. तिची पहिली मोठी टीव्ही मुलाखत झाली ११ सप्टेंबरला, म्हणजे भाषणानंतर आठवड्याने. तोपर्यंत लोकांनी तिला डोक्यावर घेतलं होतं, एकही अवघड प्रश्न न विचारता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सकाळी चहा आणि छापील भाषण

दुसऱ्या दिवशी भाषणाचा पूर्ण मजकूर नेटवर सगळीकडे मिळतो. तो प्रिंट करा, फोनवर वाचू नका, फोनवर आपण फक्त स्क्रोल करतो. हायलायटर घ्या मुलांच्या दप्तरातले. एका रंगाने स्वतःची गोष्ट, म्हणजे आईवडील, गाव, नवरा, मुलं. दुसऱ्याने आतापर्यंत केलेलं काम. तिसऱ्याने पुढचं आश्वासन. आणि पेनने खाली रेघ मारायची विरोधकाला मारलेल्या टोमण्यांना. बाकी जे उरतं ते "देव अमेरिकेचं भलं करो" टाइप, ते सोडून द्या.

पेलिनच्या भाषणात गोष्टीचा रंग भरपूर दिसतो. हॉकी मॉम (मुलांना हॉकीच्या सरावाला नेणारी-आणणारी आई), पीटीए (शाळेची पालक-शिक्षक संघटना), वसिलासारख्या छोट्या गावाची महापौर, नवरा टॉड, पाच मुलं, सगळ्यात धाकट्याला डाउन सिंड्रोम, तो तेव्हा जेमतेम साडेचार महिन्यांचा. रेघाही भरपूर. लिपस्टिकचा तो विनोद तर सगळ्यांना पाठ आहे, हॉकी मॉम आणि पिटबुल कुत्र्यात फरक काय, तर लिपस्टिक. हसले मी पण. आश्वासनाचा रंग शोधावा लागतो.

आता गोष्टीच्या रंगाबद्दल एक सांगते. गोष्ट खोटी असते असं मी म्हणत नाही. पण गोष्टीने तुमच्या पोराची फी भरली जात नाही. गोष्ट ऐकून आपण "ही आपल्यासारखीच" म्हणतो आणि तिथेच आपली चौकशी संपते, त्यासाठीच ती असते.

केलेल्या कामाची उलटतपासणी

इथे वेळ घालवा, खरा माल इथे असतो. प्रत्येक दाव्यासाठी दोन गोष्टी बघायच्या, वाक्य शब्दशः खरं आहे का, आणि ते ऐकून माझ्या डोळ्यासमोर जे आलं ते खरं आहे का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि चांगला भाषण लिहिणारा बरोबर त्यांच्या मधल्या फटीत काम करतो.

तिने सांगितलं की आधीच्या गव्हर्नरचं आलिशान जेट मी ईबेवर, म्हणजे ऑनलाइन लिलावाच्या साइटवर, विकायला टाकलं. टाळ्यांचा कडकडाट. टाकलं होतं हे खरंच आहे. पण ते ईबेवर विकलं गेलं नाही, नंतर एका ब्रोकरमार्फत २१ लाख डॉलरला गेलं, आणि राज्याने घेतलं होतं सुमारे २७ लाखांना. वाक्यात खोटं काहीच नाही. ऐकणारीच्या मनात मात्र एक काटकसरी बाई लॅपटॉपवर बसून सरकारी विमान विकतेय असं चित्र उभं राहतं.

मग तो पूल. "ब्रिज टू नोव्हेअर" (कुठेच न जाणारा पूल) म्हणून गाजलेला, अलास्कातल्या केचिकान गावाहून ग्रविना बेटावर जाणारा, जिथे वस्ती पन्नासेक माणसांची (आणि एक विमानतळ, हे टीका करणारे सांगत नाहीत). मी काँग्रेसला सांगितलं, थँक्स बट नो थँक्स, असं ती म्हणाली. हे मात्र नुसतं फटीतलं प्रकरण नाही. २००६ मध्ये गव्हर्नरपदासाठी उभी होती तेव्हा तिने या पुलाला पाठिंबा दिला होता. काँग्रेसने पुलासाठी पैसे राखून ठेवायची अट तर त्याआधीच, २००५ मध्ये, काढून टाकली होती. २००७ मध्ये तिने प्रकल्प रद्द केला, तोपर्यंत देशभर त्याचं हसं झालेलं, आणि केंद्राचे पैसे राज्याने परत केले नाहीत, दुसऱ्या कामांना वापरले. म्हणजे "नो थँक्स" राहिलं बाजूला, "थँक्स" तेवढं राहिलं. शिवाय वसिलाची महापौर असताना तिच्याच गावाने वॉशिंग्टनमध्ये लॉबिस्ट (सरकारदरबारी वशिला लावणारा पगारी माणूस) नेमून अशाच खास निधीतून २.७ कोटी डॉलरच्या आसपास आणले होते. आणावेत की, महापौराचं कामच आहे ते, गावाला गटार लागतं, बसस्टँड लागतो. पण मग त्याच निधीविरुद्ध लढले म्हणून टाळ्या घेऊ नयेत.

आणि गॅस पाइपलाइन, जवळजवळ ४० अब्ज डॉलरची, "आम्ही सुरू केली" असं ती म्हणाली. सुरू काय झालं होतं, तर राज्याच्या विधिमंडळाने त्याच ऑगस्टमध्ये एका कंपनीला लायसन्स द्यायला मंजुरी दिली होती. ती पाइपलाइन कधीच झाली नाही. तेव्हा ऐकताना हे कुणाला कळणार होतं म्हणा, पण क्रियापदाकडे लक्ष द्यायची सवय लावून घ्या. "मंजुरी मिळाली", "काम चालू झालं" आणि "झालं" या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आपल्या गावाकडच्या धरणाच्या घोषणा ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

टोमणे

टोमण्यांना रेघ मारली की बाजूला लिहा, हा नक्की कुणाला लागला. तिने म्हटलं, छोट्या गावाची महापौर साधारण कम्युनिटी ऑर्गनायझरसारखीच (वस्तीतल्या लोकांना संघटित करणारा कार्यकर्ता) असते, फक्त तिच्यावर खऱ्या जबाबदाऱ्या असतात. बाण डेमोक्रॅट उमेदवार ओबामावर, त्याने ऐंशीच्या दशकात शिकागोच्या साउथ साइडला ते काम केलेलं. पण लागला मला. कारण इथे लायब्ररीत नवीन आलेल्या बायकांना इंग्रजी शिकवणारी, फूड पँट्रीत (गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्रात) शनिवारी डबे भरणारी, स्कूल लेव्हीसाठी (शाळेसाठीच्या कराला मतं मागत) दारोदार फिरणारी, ही सगळी बिनपगारी कामं बहुतेक बायकाच करतात, आणि स्वतःला पीटीएतून आलेली म्हणवणारी बाई त्यालाच हसत होती. अख्खा हॉल हसत होता. लिपस्टिकचा विनोद विसरले असते मी, हे वाक्य नाही विसरले.

टोमणा खरा आहे का तेही बघायचं. ओबामाने दोन आत्मचरित्रं लिहिली पण एकही महत्त्वाचा कायदा केला नाही, राज्याच्या सिनेटमध्येसुद्धा नाही, असं ती म्हणाली. इलिनॉयमध्ये खुनाच्या गुन्ह्यात पोलिसांच्या चौकशीचं रेकॉर्डिंग सक्तीचं करणारा २००३ चा कायदा त्याने पुढे नेलेला. २००६ मध्ये सरकारी खर्च वेबसाइटवर दाखवायचा कायदा त्याने टॉम कोबर्न नावाच्या रिपब्लिकन सिनेटरबरोबर केलेला, म्हणजे तिच्याच पार्टीचा माणूस सोबत होता.

आश्वासनावर विचारायचे प्रश्न

आश्वासन सापडलं की विचारा, हे करणं कुणाच्या हातात आहे? राष्ट्राध्यक्षाच्या, काँग्रेसच्या, कोर्टाच्या की राज्याच्या? पैसे किती? कधीपर्यंत? पेलिनच्या भाषणातलं मला भिडलेलं वाक्य होतं विशेष गरजा असलेल्या मुलांच्या घरच्यांना दिलेलं, व्हाइट हाउसमध्ये तुमची एक मैत्रीण असेल. आमच्या ओळखीत असं मूल असलेली एक वहिनी आहे, ती म्हणाली, "अगं, एवढं तरी कोण बोलतं गं आपल्याबद्दल." बरोबर आहे तिचं. पण मैत्रीण म्हणजे काय? १९७५ च्या कायद्यात केंद्र सरकारने या मुलांच्या शिक्षणाच्या जादा खर्चाचा ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलायचं ठरलं होतं आणि सरकार कुठल्याही पार्टीचं असो, तिथपर्यंत ते कधीच पोचलेलं नाही. हा आकडा त्या रात्री आला असता तर मीच उभी राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

इथे न्यायाने सांगायला हवं की नंतर, २४ ऑक्टोबरला, तिने पिट्सबर्गमध्ये याच विषयावर वेगळं भाषण केलं आणि पूर्ण निधी देऊ असं म्हणाली. म्हणून कागद लगेच फेकून देऊ नका, मोघम वाक्याला नंतर हातपाय फुटतात कधीकधी. मतदानाला दहाबारा दिवस उरल्यावर फुटले, तो भाग वेगळा.

जे बोललीच नाही ते

हे सगळ्यात अवघड, कारण कागदावर नसलेलं हायलाइट कसं करणार. उपाय सोपा आहे, भाषण ऐकायच्या आधीच, शक्यतो आदल्या दिवशी, स्वतःला लागणारे चारपाच विषय लिहून ठेवा. पगार, पाळणाघर, आईवडिलांचं आजारपण, गर्भपाताचा हक्क, व्हिसा, काय असेल ते. भाषण वाचून झाल्यावर टिक करा.

२००८ मध्ये माझ्या यादीत वर होता पगार. कारण आदल्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने लिली लेडबेटरच्या केसमध्ये ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला होता. अलाबामातल्या टायरच्या कारखान्यात बरीच वर्षं पुरुषांपेक्षा कमी पगारावर काम केलेली बाई, आणि कोर्ट म्हणालं, पगार ठरला तेव्हापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती. आता शेजारच्या पुरुषाला किती मिळतं हे १८० दिवसांत कळणार कसं? ते बदलायचं बिल एप्रिल २००८ मध्ये सिनेटमध्ये अडलं आणि मॅकेनचा त्याला विरोध होता, कोर्टकज्जे वाढतील म्हणून. हीच लेडबेटर आठवडाभर आधी डेन्व्हरला डेमोक्रॅट्सच्या स्टेजवर बोलून गेली होती. मग सेंट पॉलला रिपब्लिकन तिकिटावरची पहिली बाई उभी राहिली आणि बायकांबद्दल काय म्हणाली, तर आईवडिलांनी शिकवलं की ही अमेरिका आहे आणि इथे प्रत्येक बाई संधीच्या प्रत्येक दारातून जाऊ शकते. दारातून आत गेल्यावर पगार किती मिळतो त्याचं काय? अवाक्षर नाही.

तुलना करायची तर १९८४ चं जेराल्डिन फेरारोचं भाषण वाचा, सॅन फ्रान्सिस्कोचं. उपाध्यक्षपदासाठी मोठ्या पार्टीने उभी केलेली पहिली बाई. भावुक वाक्यं तिचीही होती, पण तिने सरळ म्हटलं की त्याच कामाला पुरुषाला डॉलर आणि बाईला ५९ सेंट हे बरोबर नाही. एवढं एक वाक्य पुरतं हो, विषय यादीत आहे हे तरी कळतं.

बाकी मॅकेनच्या लोकांना वाटलं होतं की हिलरी क्लिंटन डेमोक्रॅट उमेदवारीच्या शर्यतीत ओबामाकडून हरल्यामुळे चिडलेल्या बायका इकडे येतील. एक्झिट पोलमध्ये ५६ टक्के बायका ओबामाकडे गेलेल्या दिसल्या. बायकांनी यादी टिक केली होती, दुसरं काय.

टीका करताना काय गाळायचं

हे मी जरा दमात सांगते. टीका करताना दोन अदलाबदली करून बघा. पहिली, बाईच्या जागी पुरुष ठेवा. चार महिन्यांचं बाळ घरी टाकून ही निघाली प्रचाराला, असं पेलिनबद्दल बोलणाऱ्यांत बायकाच पुढे होत्या, स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्यासुद्धा. समोर उपाध्यक्षपदाला कोण होता? जो बायडेन. १९७२ मध्ये त्याची बायको आणि मुलगी अपघातात गेल्या, दोन लहान मुलगे मागे, आणि तो रोज ट्रेनने वॉशिंग्टनला जाऊन येऊन सिनेटर राहिला, त्याला लोक आदर्श बाप म्हणतात. म्हणावंच. मग हिला का नाही? कपडे, आवाज, चष्मा, केस, मुलं कोण सांभाळतं, मिस अलास्का स्पर्धा, हे सगळं टीकेतून काढून टाका. काढल्यावर काही उरत नसेल तर तुमची टीका भाषणावर नव्हतीच.

दुसरी अदलाबदल पार्टीची. आपल्याला साडी दिसली की आपण विरघळतो, हे गृहीत धरूनच भाषणं लिहिली जातात. २०२० मध्ये कमला हॅरिसने मावश्यांना तमिळमध्ये "चित्ती" म्हटलं तर आमचा ग्रुप दोन दिवस नाचत होता. त्याच महिन्यात रिपब्लिकन कन्व्हेन्शनला निकी हेलीने माझे वडील पगडी घालायचे, आई साडी नेसायची, असं सांगितलं तेव्हा त्याच बायका म्हणाल्या, "नाटकं." अगं, दोन्हीकडे आई आपलीच आहे ना! एक पाणावलेले डोळे आणि एक नाटक, असं कसं चालेल. दोन्हीला गोष्टीचाच रंग मारा आणि पुढे सरका.

आता हॅरिस, त्याच पट्टीने

२२ ऑगस्ट २०२४, शिकागो, डेमोक्रॅट्सचं कन्व्हेन्शन, हॅरिस राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार. एकोणीस वर्षांची आई एकटी भारतातून कॅलिफोर्नियाला आली, ते सगळं सुंदर होतं, रंग मारला. मग गर्भपाताचा विषय, माझ्या यादीत होता, टिक. पण आश्वासन काय, तर काँग्रेसने हक्क परत देणारं बिल पास केलं की मी अभिमानाने सही करेन. कुणाच्या हातात? काँग्रेसच्या, आणि सिनेटमध्ये त्याला शंभरपैकी ६० मतं लागतात, ती कुठून येणार हे भाषणात नव्हतं. आम्ही ओहायोवाल्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यघटनेत हा हक्क मतदानाने घालून घेतला होता, सुमारे ५७ टक्क्यांनी, त्यामुळे "राज्यात काय करता येतं" हे आम्हाला चांगलंच माहीत होतं. ट्रम्प देशभर बंदी आणेल असं ती म्हणाली, तो तेव्हा राज्यांवर सोडू म्हणत होता, त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण तिने ते ठरलेलंच आहे अशा थाटात सांगितलं, म्हणून माझी रेघ पडलीच. फ्रॅकिंग (दाबाने पाणी मारून खडकातून तेल-गॅस काढायची पद्धत), जे २०१९ मध्ये ती बंद करायला निघाली होती आणि २०२४ मध्ये नाही म्हणाली, त्याबद्दल त्या रात्री शब्द नाही, आणि ओहायोच्या पूर्व भागात तो रोजगाराचा विषय आहे. आणि पहिली मोठी मुलाखत? २९ ऑगस्टला, सीएनएनवर, भाषणानंतर आठवड्याने. दोन पार्ट्या, मध्ये सोळा वर्षं, आणि पद्धत तीच, आधी टाळ्या, मग प्रश्न.

ग्रुपवर हे टाकलं तेव्हा एक ताई चिडल्या. "बायकाच बायकांचे पाय ओढतात. आपण नाही उभं राहायचं तर कोण राहणार?" मी म्हटलं, ताई, उभी राहते ना, पण पुरुष उमेदवाराला मी जे विचारते ते तिला विचारलं नाही तर मी तिला कच्चा लिंबू समजते असा अर्थ होतो. त्यांना पटलं नाही. चालायचंच.

राहता राहिलं कागदाचं काय करायचं. टिक न झालेले दोन प्रश्न वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि फ्रिजवर लावा, कारण सप्टेंबरपासून प्रचाराचे व्हॉलंटियर फोन करतात, नेमके जेवायच्या वेळेला. ठेवून देऊ नका फोन. दोन्ही पार्ट्यांच्या पोरांना तेच दोन प्रश्न विचारा, बिचाऱ्यांना उत्तर माहीत नसतं, पण बरेच जण कोण काय विचारतं ते लिहून घेतात आणि वर कळवतात. कुणी घरी आलं तर कॅम्पेनच्या लोकल ऑफिसचा ईमेल मागून घ्या. आणि नोंदणीची मुदत तपासा, आमच्याकडे मतदानाच्या तीस दिवस आधी संपते आणि दुसऱ्या दिवसापासून लवकर मतदान सुरू होतं, तेव्हा घाई नाही, पण पत्ता बदललेला असेल तर तेवढं आजच करून टाका.